एकही रकाना रिकामा नको

"मंजूर झालं बरं का तुझं," असं म्हणत मोघे काकांनी फाइल माझ्यासमोर ठेवली. मी पहिलं पान उघडलं आणि डोक्याला हात लावला.

माझ्या पहिल्या स्क्रीनवर चार रकाने होते. नाव, वय, गाव, कोणता डॉक्टर. आता त्यांच्या वर, खाली, मार्जिनमध्ये, जिथे जागा सापडेल तिथे लाल, निळ्या, हिरव्या पेनांनी नवे रकाने काढलेले होते. प्रत्येकाशेजारी एकेक सही.

"काका, हे काय आहे?"

"सुझाव आहेत. फाइल साऱ्या मेंबरांच्या घरी फिरवली. कोणी नाराज नाई पायजे ना."

कोणी नाराज नव्हतं, मी सोडून.

दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. मी नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. प्रोग्राम लिहायच्या आधी तो दिसेल कसा, कुठलं बटण कुठे येईल, ते दाबल्यावर पुढे काय उघडेल, हे सगळं कागदावर काढायचं, त्याची कारणं लिहायची आणि टीमसमोर प्रेझेंट करायचं, हे माझं काम. आज त्याला यूएक्स म्हणतात आणि पोरं त्याची डिग्री घेतात. तेव्हा माझ्या कार्डावर नुसतं 'डिझायनर' होतं. अर्ध्या लोकांना वाटे, मी साड्यांचं काहीतरी करते.

काम होतं मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचं. खिडकीवर हाताने पर्ची, म्हणजे केसपेपर, लिहीत, ती कॉम्प्युटरवर न्यायची. मी बालाघाटची, म्हणून आमच्या पुराणिक सरांनी मलाच धाडलं. "तुमचं गाव आहे, तुमचं ऐकतील." सर पुण्याचे. त्यांना काय ठाऊक! ज्यांनी मला दोन वेण्या घालून शाळेत जाताना पाहिलं, ते माझं कधी ऐकणार होते?

त्यातून ट्रस्टचे सगळे मेंबर रिटायर्ड सरकारी नोकर. आमच्याकडच्या मराठी घरांतून सरकारी नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. रिटायर झाल्यावर माणूस ऑफिसात जायचा थांबतो, पण ऑफिस त्याच्यातून काही जात नाही. मोघे काका कलेक्टरीतले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते आणि माझ्या बाबांचे दोस्त. आता ट्रस्टचे सेक्रेटरी. दवाखान्यातली सुईसुद्धा ते फाइलवर नोटिंग करून मागवत.

चार रकान्यांचं कारण मी डॉक्युमेंटच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. लहान पोरांचे डॉक्टर गोंदियाहून फक्त मंगळवारी येत आणि एक वाजता निघून जात. बैहर-बिरसाकडच्या लांबच्या खेड्यांतल्या बसेस पोचतात तोवर निम्मी सकाळ सरलेली असते. पर्चीला वेळ लागला की रांगेतली शेवटची लेकरं डॉक्टरला न दाखवता परत जातात. म्हणून खिडकीवर ज्याच्यावाचून अडेल तेवढंच विचारायचं. हे वाक्य मी ठळक अक्षरात छापलं होतं.

प्रेझेंटेशन ट्रस्टच्या हॉलमध्ये झालं. स्क्रीनची चित्रं मी मुद्दाम राखाडी ठेवली होती. रंग दिला की लोक रंगावरच बोलत बसतात, हा या धंद्यातला अनुभव. झालं असं, की रंग नव्हता तर ते रंग नाही यावर बोलत बसले.

"असं मुर्दाड काहून केलं तू?" एका रिटायर्ड हेडमास्तरांनी विचारलं.

"सर, हा नकाशा आहे. रंग मागून येईल."

"हिरवा ठेव. आँखोंको ठंडक मिलती है."

नमुन्यासाठी मी 'सुकवारोबाई' असं नाव टाकलं होतं. त्यावर एकाने ही कोण, हिला काय झालंय, याची चौकशी केली. ती खरी नाही हे कळल्यावर ते जरा हिरमुसले. मी पहिल्या पानावर यायचा प्रयत्न केला, तेवढ्यात पोहे आले. पोहे संपले तेव्हा मोघे काका म्हणाले, "छान सांगितलं पोरीनं. आता हे फाइलले लावतो, सारे आपापलं पाहून घेतील."

आणि साऱ्यांनी आपापलं पाहून घेतलं. फॉरेस्टमधून रिटायर झालेल्यांनी 'वनग्राम की राजस्व ग्राम' जोडलं, म्हणजे गाव जंगलखात्याचं की महसुलाचं. पटवाऱ्यांनी हल्का नंबर, म्हणजे पटवाऱ्याच्या हद्दीचा नंबर. हेडमास्तरांनी शिक्षण. पोलिसातल्या साहेबांनी शरीरावरची ओळखीची खूण. खिडकीवर बसणाऱ्या मेश्राम ताईंकडेही फाइल गेली होती. वाटलं, या तरी मला वाचवतील. ताईंनी 'स्वभाव' असा रकाना मागितला होता. कोणी भांडलं तर लिहून ठेवायला बरं, म्हणे. आणि तळाशी मोघे काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात नोटिंग होतं, 'एकही रकाना रिकामा राहू नये.'

मी सरांना फोन लावला. "सर, हे बनवलं तर खिडकीवर दंगा होईल."

"सही झाली आहे ना?"

"एक नाही, सगळ्यांच्या झाल्यात. तोच तर वांधा आहे."

"मग बनवायचं. क्लायंटने मंजूर केलेलं आपण कोण नाकारणार?"

मी कोण? मी ते डॉक्युमेंट लिहिणारी. पण हे फोनवर बोलून उपयोग नव्हता. नागपुरात आमच्या प्रोग्रामरने नोटिंग वाचलं आणि प्रत्येक रकाना सक्तीचा करून टाकला. एक जरी राहिला तरी पर्ची निघायची नाही.

सुरुवात मंगळवारीच झाली. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, नारळ, पेढे. ट्रस्टचे झाडून सारे मेंबर हजर. मी खिडकीमागे ताईंच्या शेजारी. पहिल्या माणसाला ताईंनी विचारायला घेतलं ते संपेचना. दुसऱ्याला हल्का नंबर माहीत नव्हता, तो बाहेर कोणाला तरी विचारायला गेला. रांग दवाखान्याच्या गेटाबाहेर पोचली.

साडेबारा होत आले तेव्हा खिडकीशी एक बाई आली. बिरशाच्या पलीकडून आली होती. खांद्यावरचं लेकरू तापाने इतकं मलूल झालेलं, की रडतही नव्हतं. त्याच्या छातीची घरघर मला टेबलापलीकडून ऐकू येत होती.

"हल्का नंबर?" ताईंनी विचारलं.

"मोला का मालूम बाई."

"लेकराच्या अंगावर काही खूण?"

बाईने लेकराकडे पाहिलं, मग आमच्याकडे. कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली, 'कृपया यह खाना भरें', म्हणजे हा रकाना भरा. मागे उभे राहून मोघे काका म्हणाले, "आराम से पूछो, आराम से. पहलाच दिवस आहे."

बाहेर डॉक्टरांचा ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता. माझं टाळकं सरकलं. मी वाकून ताईंना म्हटलं, "टिंब टाका."

"कोठी?"

"नाव, वय, गाव, डॉक्टर सोडून सगळीकडे."

"ओळखीच्या खुणेत बी?"

"त्यात बी. टाका म्हणते ना."

ताईंनी टिंबं टाकली. मशीनने निमूट पर्ची काढून दिली. प्रोग्रामरने रकाना रिकामा नाही ना, एवढंच तपासायला लावलं होतं. आत काय आहे, हे विचारायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या बाईला मी स्वतः हाताला धरून आत नेलं. त्यानंतर ताईंनी सगळ्यांनाच टिंबं टाकली आणि रांग भराभर हलली. डॉक्टरांनी त्या लेकराला तिथल्या तिथे भरती करून घेतलं आणि मला म्हणाले, "याला पुढच्या मंगळवारी आणलं असतं तर माझ्या हातात काही नव्हतं." मी बाहेर बाकावर येऊन बसले.

महिन्याने साऱ्या पर्च्यांचा रिपोर्ट निघाला. मी तो घेऊनच काकांकडे गेले.

"काका, पाहा. सारी टिंबं आहेत. आता तरी हे रकाने काढू या."

काकांनी चष्मा वर केला, पान लांब धरलं, जवळ धरलं. "काहून काढायचे? एकही रिकामा नाई."

"टिंब आहे हो ते."

"हौ, पण भरला तर आहे ना? पटवारी साहेबाचा रकाना काढला तर त्यायले काय वाटंल?"

पुराणिक सरांचं म्हणणं, रकाने काढायचे तर बदल नव्याने मंजूर करून घ्या. म्हणजे फाइल पुन्हा सगळ्या घरी. मी हात जोडले आणि नागपूरची बस पकडली.

दोनेक वर्षांनी माहेरी गेले होते, तेव्हा भाच्याचा कान दुखायला लागला. मंगळवार होता. मी त्याला घेऊन तोच दवाखाना गाठला. खिडकीवर नवी मुलगी होती. तिने नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं, डॉक्टर विचारला आणि मग एकच बटण टकटक टकटक दाबत खालपर्यंत गेली.

"हे काय टाकून राह्यली तू?" मी विचारलं.

"टिंब, मॅडम. ट्रेनिंगमधी असंच शिकवलं."

"कोणी शिकवलं?"

"मोघे सरनं."

पाच मिनिटांत भाचा डॉक्टरांसमोर होता. माझ्या डॉक्युमेंटमध्ये जसे चार रकाने होते, तसेच चार त्या खिडकीवर विचारले जात होते. बाकीचे फक्त मंजूर होते.