सोमाच्या नावावरची मासोळी

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. देवासमोर तरी सांगितलं असेल, म्हणाल — तर तिथंही नाही; तिथं मी नारळ फोडून निघून येत असे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही आणि तुमच्या ‘जाऊ द्या हो आजोबा’ची मला गरज नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

परवा आमच्या घरी एक मुलगी आली होती. न बोलणाऱ्या, आपल्याच नादात राहणाऱ्या लेकरांना ती शिकवते, त्यांच्या आईबापांना धीर देते. सोबत दोन आया होत्या, कडेवर लेकरं घेऊन. तिला कोणीतरी सांगितलं होतं की आरमोरीकडच्या या म्हाताऱ्यानं असाच एक भाऊ चाळीस वर्षं सांभाळला. ती त्या बायांना म्हणाली, यांच्याकडून शिका. आणि मी — मी चहा पीत बसलो. त्या बाया माझ्याकडे बघत होत्या. तेव्हाच ठरवलं, आता पुरे.

सोमा माझा धाकटा भाऊ. हे घडलं तेव्हा मी एकोणीसचा, तो दहाचा. आमचा चांदा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता. त्याच्यासारख्यांना आता ‘स्वमग्न’ म्हणतात म्हणे. आमच्याकडे शब्द एकच होता — येडा. आजही तो शब्द कोणी माझ्यासमोर काढला तर मी भांडतो. बघा, किती चांगला भाऊ. बाजारात नेलं की सोमा दोन्ही कान दाबून मातीत बसायचा. बोलायचा फार थोडं. जे विचाराल त्याचंच शेपूट परत द्यायचा. ‘जेवला का?’ की ‘जेवला का’. ‘भात खाल्ला?’ की ‘भात खाल्ला’. उपाशी असला तरी. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. मला सगळ्यांत जास्त, कारण त्याच्याशी हा खेळ मीच खेळायचो.

आम्ही ढिवर. मासोळी आमची, आणि पावसाळ्यात कोसा. जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे सोडायचे आणि त्यांचे कोष होईपर्यंत दीड महिना तिथंच खोपटं घालून राखण करायची. पाखरं, मुंग्या — सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर. या कामाचे नेम कडक होते. बाई तिथं येणार नाही, गडी दाढी करणार नाही, मांस-मासोळी आणि मोहाची दारू तोंडाला लावणार नाही. एकानं नेम मोडला की सगळ्यांचे किडे मरतात, असं आम्ही मानत होतो. मीही मानत होतो — हे लक्षात ठेवा.

एका साली बा सोमाला तिथं घेऊन आला. काय सांगू, जंगलात तो वेगळाच पोरगा होता. कानांवर हात नाही, रडणं नाही. सकाळपासून झाडामागून झाड फिरायचा, रोज त्याच वाटेनं, त्याच क्रमानं. खोडावर मुंग्यांची ओळ चढू लागली की आमच्याआधी त्याला दिसायची. बोट रोखून उभा राहायचा. डोमाजीकाका आमच्यातला सगळ्यांत म्हातारा, नेम त्याच्या हाती. तो म्हणाला होता, “याची नजर आपल्या सगळ्यायच्या वर हाये.” आयुष्यात पहिल्यांदा सोमाला कोणी कामाचा म्हटलं. आणि घरी मायला दीड महिना पाठ टेकायला मिळाली.

पुढच्या सालची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बानं मला गावातून तांदूळ-मीठ आणायला पाठवलं, सोमाला सोबत दिलं. अंगणातूनच गाठोडं उचलायचं, घरात शिरायचं नाही, गावचं काही खायचं नाही, असा नेम. सोमाला मी अंगणात मायजवळ बसवलं आणि — आता वळसे घालत नाही — मित्राच्या घरी गेलो. तिथं मासोळीचा रस्सा होता, मोहाची होती. दोन्ही घेतली, पोटभर. मग नदीवर तोंड घासून आंघोळ केली आणि भावाचं बोट धरून जंगलात परत आलो.

आठ-दहा दिवसांत किडे ढिले पडले. काळे होऊन डोकं खाली करून लोंबू लागले, वास सुटला. झाडंच्या झाडं गेली. डोमाजीकाकानं सगळ्यांना ऐनाखालच्या दगडाच्या देवासमोर बसवलं. देवावर हात ठेवून एकेकानं शपथ घ्यायची. पहिली त्यानं स्वतः घेतली, मग बानं. तिसरा मी होतो.

मी हात ठेवलाच नाही. म्हणालो, “सोमानं खाल्ली मासोळी. घरी. म्या पाह्यलं.”

तुम्हाला वाटेल, झालं, हीच कबुली. नाही — पुढचं ऐका. डोमाजीकाका सोमाजवळ उकिडवा बसला आणि मायेनं विचारलं, “मासोळी खाल्ली का रे, बापू?” सोमा म्हणाला, “मासोळी खाल्ली.”

तो हेच म्हणणार, हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर तर मी बोललो होतो. बा म्हणाला, “काका, त्याले जे इचारसान तेच वापस बोलते तो.” काका म्हणाला, “ज्याले बोलताच येत नाई, तो खोटं कसा बोलन?” सगळ्यांना पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

सोमाला त्याच दिवशी घरी पाठवलं, पुन्हा कधी घेतलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तो उठला की जंगलाची वाट धरायचा, लोक वळवून आणायचे. मग माय धानाच्या रोवण्याला जाताना त्याला दाराच्या खांबाला बांधून जाऊ लागली. त्याची मनगटं सोलून निघाली होती.

पुढे रेशमाच्या सरकारी साहेबानं सांगितलं, तो किड्यांचा रोग असतो, कोणाच्या खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही. मग सुटलो का मी? मी तर धरून चाललो होतो की चार घरांचं पीक माझ्या जिभेनं मारलं — आणि तसं धरूनच ते भावाच्या डोक्यावर ठेवलं. काळच तसा होता, म्हणू नका. काळ तसा होता म्हणून लोक त्याला येडा म्हणत. खोटं काळ नाही बोलला, मी बोललो. आणि सांभाळलं म्हणता? सांभाळलं. आंघोळ घातली, भरवलं, त्याच्यासाठी लोकांशी भांडलो, शेवटपर्यंत. भावाचं काम होतं, केलं. त्यात फेडबीड काही नाही. खरं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी तो परत जंगलात, ऐनाखाली असता. एक वाक्य लागत होतं.

अजून एक उरलंय. इतका वेळ तेच टाळत होतो.

गावानं मायला नावं ठेवली, की नेमातल्या पोराला हिनंच खाऊ घातलं. तिला तसं काही आठवत नव्हतं. कसं आठवेल? पण त्या दिवशी आमच्याही चुलीवर मासोळी होती, सोमा अंगणात होता, ती सारखी आतबाहेर करत होती. आणि पाहिलं म्हणणारा तिचा थोरला लेक. ती कितीतरी महिने आठवत राहिली. एकदा सोमाच्या मनगटांना तेल लावताना मला म्हणाली, “तू तं होता ना तिथी. म्याच देल्ली असन का रे, ध्यानात नसतानी?”

हात थांबवून ती माझ्याकडे बघत होती. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं.

“असन,” मी म्हणालो.

माय त्यानंतर सव्वीस वर्षं जगली. ढिवराची बाई — रोज आम्हाला मासोळी रांधून वाढायची आणि स्वतः मीठभात खायची. मी तिच्यासमोर बसून जेवत होतो. रस्सा कमी पडला तर मागून घेत होतो.