बसलेला घट हलवला तेव्हा

देवीवर तुझा विश्वास आहे का, असं मला त्या काळात कुणी विचारलं असतं तर मी उत्तर दिलं नसतं, भांडले असते. नवरा गेल्यापासून माझं आणि तिचं बोलणं बंद होतं. म्हणजे माझ्या बाजूनं बंद होतं. तिच्या बाजूचं मला ठाऊक नाही. तो असताना दर नवरात्रात घट मीच बसवायचे. शेतातली काळी माती चाळून परडीत पसरायची, त्यात ज्वारी पेरायची, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा आणि दसऱ्यापर्यंत रोज एक माळ चढवायची. तो गेला आणि पुढच्याच नवरात्रात मला उंबऱ्याबाहेर थांबायला सांगितलं. विधवेनं घटाला हात लावायचा नसतो म्हणे. मी जालन्याला एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत होते. बियाण्याची उगवण तपासायची हेच माझं रोजचं काम. जगाची ज्वारी माझ्या हाताखाली उगवत होती आणि घरच्या परडीतल्या मूठभर दाण्यांना माझा हात चालत नव्हता. त्याचा राग मी देवीवरच काढला, कारण बाकी कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

पुढे स्टॉकहोमच्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. निघण्याआधी कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावी सासूबाईंना भेटायला गेले. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी ट्रंकेतल्या लुगड्यांखालून देवीचा टाक काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली कुळदेवी, आमची अंबडची मत्स्योदरी. आमच्यात तो थोरल्या मुलाकडे असतो, आणि माझा नवरा थोरला होता. "ने पोरी," आत्या म्हणाल्या, "तिला बी जग पाहू दे की जरासं."

धाकटे दीर दारातच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "वहिनी, काय करून राह्यल्या तुम्ही? घट काय तुमच्या कंपनीतली बी रुजवायची बशी हाय का? बाईमाणूस, त्यात पांढऱ्या कपाळाची, अन् समुद्रापल्याड. देवी बसंल का तिथं?"

"बसेल," मी म्हणाले.

"बरं. यंदा बसवाच घट. धान बराबर उगवलं तर टाक तुमचा. न्हाई उगवलं तर दसऱ्यानंतर मुकाट्यानं परत पाठवायचा. कबूल?"

तोवर देवीची मला फारशी पडलेली नव्हती, खोटं कशाला बोलू. पण "पांढऱ्या कपाळाची" हे शब्द असे काही लागले की मी तिथल्या तिथे कबूल म्हणून मोकळी झाले. आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

स्टॉकहोममध्ये नवरात्र आलं ते गारठा घेऊन. त्यातच आमच्या इमारतीची घरं गरम ठेवणारी पाइपलाइन दुरुस्तीला काढलेली. गावची माती विमानातून न्यायला बंदी, म्हणून फुलांच्या दुकानातून पिशवीतली माती आणली. इतकी हलकी की हाताला वजनच लागेना. ज्वारी भारतीय किराण्यातली. चार दाणे ओल्या फडक्यात बांधून कामावर नेले, तिथल्या उबेत लगेच मोड आले. बी चांगलं होतं. मग पूर्वेच्या खिडकीतल्या दगडी पट्टीवर, किती वर्षांनी, मी माझ्या हातानं घट बसवला. टाकाला हळदकुंकू लावताना मनात भक्ती नव्हती. बघतेच तू कशी उगवत नाहीस ते, एवढंच होतं.

ती उगवली नाही. दुसरी माळ झाली, तिसरी झाली, चौथी झाली, परडी काळी ती काळीच. ज्वारीला ऊब लागते. गहू असता तर त्या थंडीतही वर आला असता, पण आमच्या घराण्यात घटात ज्वारीच. विजेची शेगडी लावायला घरमालकाची सक्त मनाई, आणि बाहेरची माती प्रयोगशाळेत न्यायची सोय नाही. तिकडून भाऊजींचा रोज एकच प्रश्न यायचा, "आलं का वर?" मी कामात आहे असं सांगून फोन ठेवायचे.

ऊब होती ती एकाच ठिकाणी. तिथल्या इमारतींत तळघरात सगळ्यांच्या सोयीची कपडे धुण्याची खोली असते आणि तिला लागून कपडे वाळवायची गरम हवेची खोली. प्रत्येक घराची तिथली वेळ ठरलेली. दुसऱ्याच्या वेळेत तिथे पाऊल टाकणं हा त्या देशातला सगळ्यात मोठा गुन्हा असावा, असं मला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. पण माझी अडचण ती नव्हती. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नसतो. परडीला धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. हलवला तर देवी उठून जाते म्हणतात.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्या खिडकीपुढे उभी राहिले आणि कितीतरी वर्षांनी तिच्याशी बोलले. "हे बघ, मला उंबऱ्याबाहेर जा म्हणाले तेव्हा मी गेले. तू काही बोलली नाहीस. आता मी तुला तळघरात चल म्हणते आहे, तर तूही चल. उठून जायचं असेल तर जा, पण इथे गारठून मरू देणार नाही." आणि परडी उचलली. घटातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं. एकेक पायरी चाचपत जिना उतरले. गरम हवेच्या खोलीत एका कोपऱ्यात परडी ठेवली, माळ कपड्यांच्या दोरीला बांधली आणि कामावर गेले.

दिवसभर कशात लक्ष लागेना. परडी कुणीतरी कचऱ्यात टाकली असेल, इथपर्यंत विचार जाऊन आला. परतीच्या वाटेवर पुलावर थांबले. खाली समुद्राचं पाणी शिशासारखं करडं दिसत होतं. आणि तिथे मला स्वतःचाच संताप आला. उगवली तर माझी, नाही तर भाऊजींची! देवी काय बाजारातली गाय आहे, की दूध दिलं तर ठेवायची? भाऊजींची अट मी मान्य केलीच कशी? मी मोठ्यानं म्हणाले, भर रस्त्यात, मराठीत, "रुजायचं तर रुज, नाही तर राहू दे. तुला परत पाठवणार नाही. झालं." शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं. इतकं हलकं मला नवरा गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

तळघरात आले तर खोलीच्या दारात आमच्या वरच्या मजल्यावरची म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीवर विणत बसलेली. ही बाई माझ्या नमस्काराला कधी मान हलवत नसे. मी तिला मनातल्या मनात कडू कारलं म्हणायचे. आत दोऱ्यांवर तिच्या ओल्याचिंब चादरी टांगलेल्या होत्या, परडीच्या चहूबाजूंनी, एखाद्या मखरासारख्या. त्या चादरींची ओल नसती तर तिथल्या कोरड्या वाऱ्यानं माती करपली असती. रागाच्या भरात मी त्याचा विचारच केला नव्हता.

"हे तुझं?" तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं. मी मान हलवली. "आज माझी वेळ होती. खालच्या मजल्यावरचा माणूस हे उचलून बाहेर ठेवायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, रुजायला घातलेलं आहे, हे हलवायचं नाही."

हलवायचं नाही, हे हिला कुणी सांगितलं? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिचं बालपण फिनलंडमधलं. ईस्टरच्या आधी तिची आई बशीत माती घेऊन गवत पेरायची आणि त्या बशीला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. एवढं बोलून ती पुन्हा विणायला लागली. मी परडीपाशी वाकले. मातीला बारीक तडे गेले होते आणि एका तड्यातून एक पांढरं टोक वर आलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि पोटभर रडले. म्हातारीनं मला रडू दिलं.

घट दसऱ्यापर्यंत तळघरातच राहिला. म्हातारीनं आपली वेळ मला देऊन टाकली आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाला काय सांगितलं कोण जाणे, तोही एकदा पायातले बूट काढून बघून गेला. ज्वारी अंधारात वाढली, म्हणून पिवळीधमक झाली. हा चमत्कार होता का, ते मी सांगू शकत नाही. उबेत ज्वारी उगवतेच, हे मी रोज पाहणारी बाई आहे. पण त्या दारात तीच बाई, त्याच वेळी, तेच शब्द बोलायला बसावी, याला माझ्याकडे नमस्काराशिवाय काही नाही. शरण जायचं म्हणजे मान खाली घालून लोकांचं ऐकायचं, असं मला सगळे सांगत आले होते. मी शरण गेले ती त्या पुलावर, ताठ मानेनं. आधी तिच्यापुढची अट काढून घेतली, आणि मगच तिचे पाय धरता आले.

दसऱ्याला गावी व्हिडिओ कॉल लावला आणि घट तळघरात नेल्याचंही सांगून टाकलं. भाऊजींनी परडी नीट न्याहाळली. "उगवलंय की बराबर," ते म्हणाले, "पण वहिनी, बसलेला घट हलवला म्हणता तुम्ही. मंग हे धान धरायचं का न्हाई?"

"नका धरू, भाऊजी. उगवलं नसतं तरी मी टाक देणार नव्हते. तसं सांगितलंय मी."

"कोणाला?"

"जिचा टाक आहे तिला."

दसऱ्याला हे धान आधी पुरुषांच्या टोपीत खोवतात, मग सवाष्णी केसांत माळतात. आमच्यासारख्यांना ते मिळत नाही. मी पहिला तुरा शेजारी बसलेल्या म्हातारीच्या कानामागे खोवला आणि दुसरा माझ्या केसांत. तेवढ्यात आत्यांनी भाऊजींच्या हातातून फोन काढून घेतला. सासरे गेल्यापासून त्यांच्या डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी मागे सारला आणि डोकं फोनजवळ आणलं. सगळ्या पडद्यावर त्यांचे पांढरे केसच तेवढे दिसत होते.

"माझ्या बी खोव," त्या म्हणाल्या. "जल्दी कर. हा बघून राह्यला तवर खोव."