बोटीवरचा आशीर्वाद

मुलांनो, ग्रीसच्या पिरेअस बंदरातून एजिना बेटाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या बोटीत शेजारच्या ग्रीक बाईने मला वाटभर अंजिरं सोलून खाऊ घातली. नको म्हटलं की हसून आणखी एक हातावर ठेवायची, अगदी आपल्या ठाण्यातल्या शेजारणींसारखी. उतरताना तिच्या गरोदर मुलीला मी पंजा उंचावून आशीर्वाद दिला. मुलगी पोट धरून मागे सरली.

"आजी, मी काय केलं तुमचं?" ती इंग्रजीत म्हणाली. "असा पंजा दाखवणं म्हणजे आमच्याकडे शिव्याशाप!"

मी गोंधळले. "अगं, आमच्याकडे हाच आशीर्वाद!"

मुलीने ते आईला सांगितलं. आईने माझी बोटं एकेक करून मिटली आणि ती मूठ मुलीच्या पोटावर टेकवली.

"आता द्या म्हणतेय," मुलगी म्हणाली.

मिटल्या मुठीने आशीर्वाद कसा देतात, मला ठाऊक नव्हतं. तरी दिला.