फ्रिजवरचं पाकीट

गौरी जेवायचा दिवस होता. पुरण शिजून तयार होतं, वाटायचं तेवढं राहिलं होतं. सणाच्या मदतीला गेलेली मी गॅलरीत केळीची पानं पुसत बसले होते. आतून वहिनींचा आवाज आला.

"शीतल, तुझ्या ड्रेसला मागे काय लागलंय?"

शीतल माझी सून. वहिनींच्या घरी स्वयंपाकाला होती. हॉलमध्ये वहिनींच्या नणंदा, जावा, सोसायटीतल्या दोघीतिघी होत्या. शीतल ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

वहिनी दारामागच्या कॅलेंडरपाशी गेल्या. "इथे तुझ्या पाळीचा गोल तर पुढच्या आठवड्यात आहे. तारीख काय तोंडाला येईल ती सांगतेस?"

"इंजेक्शन घेतलंय ना वहिनी, त्यानं मध्येच होतं. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या."

"सिस्टर येणार आहेत का आमच्या गौरींचा नैवेद्य करायला?"

कुणीतरी हसलं. शीतल खाली मान घालून बाहेर आली, चपला घातल्या आणि गेली. वहिनींनी पुरणाचं पातेलं दोन बोटांनी ओट्याच्या कडेला सरकवलं. मला म्हणाल्या, "मावशी, हे आता आम्हाला चालणार नाही. टाकवतही नाही. तुम्ही न्या. तुम्हाला काय, चालतं."

मी म्हटलं, "हो वहिनी."

आणि नेलं. घरी जाऊन पुरण वाटलं, पोळ्या केल्या. दोन्ही नातींनी पोटभर खाल्ल्या. मीही दोन खाल्ल्या. शीतलने हात लावला नाही. पुरण चांगलं झालं होतं. ती चव अजून तोंडात आली की मला माझीच लाज वाटते.

कर्वेनगरातल्या त्या घरात मी बावीस वर्षं स्वयंपाक केला. कामावर ठेवताना त्यांनी आधी आडनाव विचारलं. ते चाललं. मग तारीख विचारली. कॅलेंडरवर सिलिंडर आल्याची निळी फुली असायची आणि माझ्या पाळीचा लाल गोल. चौथीपर्यंत शिकले आहे, मला ते वाचता यायचं. ते चार दिवस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. बाकी सगळं चालायचं. संडास धुतलेला चालायचा. पाळी कायमची गेली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "चला, तुम्हीही सुटलात, आम्हीही सुटलो." मी हसले होते.

गुडघे गेल्यावर माझ्या जागी शीतलला लावलं. तिची तारीख पहिल्याच दिवशी वहिनींना मी सांगितली. तिने नाही. मी.

दुसऱ्या मुलीनंतर परत दिवस राहू नयेत म्हणून शीतल महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या आणायची. मळमळायचं, आणि सकाळी सहाला घराबाहेर पडायच्या घाईत गोळी राहून जायची. म्हणून तिने तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतलं. एकदा टोचलं की तीन महिने घोर नाही. सुरुवातीला अधूनमधून डाग दिसतील, पुढे पाळी बंदही होईल, घाबरायचं नाही, हे सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं. तिला ते मानवलं. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

गौरी उठल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं.

"मावशी, गोळ्यांना कशी शिस्त असते. पांढऱ्या संपल्या, तपकिरी सुरू झाल्या, की येते. इंजेक्शनचं काय? आली तर आली. मी कॅलेंडरवर लिहू तरी काय? तिला परत गोळ्यांवर आणा. नाहीतर मी दुसरी बाई बघते."

दसरा झाला आणि पुढच्या इंजेक्शनचा दिवस आला. शीतल दवाखान्यात निघाली. मी दारात आडवी उभी राहिले.

"आई, गोळी माझ्या लक्षात राहत नाही."

"मी आठवण करीन."

"मळमळतं मला."

"सगळ्यांनाच मळमळतं."

मी जन्मात एक गोळी घेतलेली नाही. दोन मुलं झाल्यावर माझं ऑपरेशन झालं. तरी दारात उभी राहून सांगत होते. ती परत आत गेली, पिशवी खुंटीला लावली.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच आठवड्यात दोन राहिल्या. हे मी वहिनींना जाऊन सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "पाकीट इकडेच आणून ठेवा, फ्रिजवर. चहाबरोबर मीच देत जाईन." आणि मी ते पाकीट माझ्या हाताने नेऊन दिलं.

रोज सकाळी वहिनी एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायच्या. "घे. माझ्यासमोर." रविवारची गोळी शनिवारी पुडीत बांधून द्यायच्या. एकोणतीस वर्षांची बाई, दोन लेकरांची आई. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या मुलाला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो हडपसरच्या कंपनीत दिवसपाळी-रात्रपाळी करतो. बायकांच्या गोष्टी म्हणून आम्हीच झाकून ठेवायचो.

भाऊबीज झाली आणि वहिनींकडचे सगळे पाच दिवस कोकणात गेले. फ्लॅटला कुलूप. पाकीट आत. पुड्या करायच्या राहून गेल्या. शीतल म्हणाली, "दवाखान्यातून दुसरं पाकीट आणते."

मी म्हटलं, "नको. दोन पाकिटं झाली की वहिनींचा मेळ बसायचा नाही."

असं म्हणाले मी. माझ्या सुनेच्या पोटापेक्षा मला वहिनींचा मेळ मोठा वाटला.

तपकिरी गोळ्या संपल्या, पाळी आली नाही. वहिनींनी दोनदा विचारलं, "काय गं, गोल रिकामाच?" शीतलचं तोंड उतरलं. तिसरं मूल तिला नको होतं. आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. सिस्टरांनी लघवी तपासायला घेतली आणि विचारलं, "गोळ्या चुकल्या का?"

"सलग पाच," शीतल म्हणाली.

"का?"

तिच्याऐवजी मी बोलले. "पाकीट फ्रिजवर राहिलं. त्यांच्या घराला कुलूप होतं."

"कुणाच्या घराला?"

"ही स्वयंपाक करते, तिथल्या."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "हिची गोळी त्यांच्या फ्रिजवर कशाला?"

बाकावर सात-आठ बायका होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. गौरींच्या दिवशी शीतलला मान दुसऱ्यांनी खाली घालायला लावली होती. इथे माझी मान माझी मीच खाली घातली. शीतलच्या पायातली चप्पल तेवढी दिसत होती. अंगठा तुटलेला, खिळा मारलेला.

पट्टीवर एकच रेघ आली. दिवस गेले नव्हते. मला हायसं वाटलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी परत तपासू. इंजेक्शन आज देऊ? पण आठ दिवस जपून राहावं लागेल." शीतलने माझ्याकडे बघितलंही नाही. बाही वर केली. "द्या."

दुसऱ्या दिवशी मी एकटी वहिनींकडे गेले. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार तोंडावर होता. वहिनी पेन घेऊन कॅलेंडरसमोर उभ्या.

"बरं झालं आलात मावशी. मला सगळे गुरुवार मोकळे पाहिजेत. या महिन्यात तपकिरी गोळ्या देतच नाही तिला. पांढऱ्याच पुढे चालू ठेवू, म्हणजे येणारच नाही."

मी फ्रिजवरचं पाकीट घेतलं, कमरेला खोचलं. मग कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.

"अहो, त्यावर सिलिंडरची तारीख आहे!"

"तेवढी पाठ करा. शीतलने इंजेक्शन घेतलंय. तिची तारीख आता तुम्हाला कळणार नाही."

"मग उद्यापासून तिने यायचं नाही."

"नाही येणार."

"बावीस वर्षं या घरात वावरलात, आणि आज हे असं?"

"बावीस वर्षांत किती दिवस उंबऱ्याबाहेर उभी होते, ते मोजा. सगळं तुम्हीच लिहून ठेवलंय."

घरी येऊन शीतलला म्हटलं, "चुकलं माझं."

ती म्हणाली, "हो."

तेवढंच. त्याच्यापुढे मी काही मागितलं नाही. तिला दुसरं काम मिळायला दीड महिना गेला. तिथल्या बाईंनीही पहिल्या दिवशी विचारलं, "अडचणीचं सांगत जाशील ना?" शीतल म्हणाली, "मी स्वयंपाक करेन. बाकीचं माझं मी बघेन." त्यांनी ठेवली. नसती ठेवली तरी तिने हेच सांगितलं असतं, आणि मी तिच्या मागे उभी असते.

थोरली नात दहा वर्षांची आहे. उद्या तिला पाळी येईल. ती माझ्या घरात बाजूला बसणार नाही. तिची तारीख कुणाच्या भिंतीवर लागणार नाही. गोळी घ्यायची, इंजेक्शन घ्यायचं की काहीच नाही, ते ती मोठी झाली की ती ठरवेल. कुणी विचारायला आलंच, तर मी दारात उभी आहे. शीतलला अडवलं तेव्हा माझं तोंड घराच्या आत होतं. आता बाहेर आहे.