रिकामा परत आलेला डबा

विजयाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुबईत, देरा भागातल्या माझ्या ऑफिसात होते. फोन भावोजींचा होता, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा. "स्मिता, विजू गेली," एवढंच आधी म्हणाले. सकाळी स्वयंपाकघरातच हार्टचा झटका आला. जवळ कोण होतं, असं मी विचारलं. "मी होतो. आणि मजल्यावरचे सगळे धावत आले," ते म्हणाले. निदान तिच्या वेळी तरी माणसं धावत आली, हे ऐकून बरं वाटलं.

मग पुढच्या शुक्रवारी इथल्या मराठी मंडळातल्या एकांच्या घरी तिच्या आठवणीसाठी आम्ही जमलो. एकेक जण उठून बोलत होता. काय धाडसी बाई, काय देवमाणूस, अशी माणसं आता होणे नाही... माझं डोकं फिरलं. कारण त्या हॉलमधली निम्मी माणसं एके काळी 'बर दुबई' भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहत होती आणि तेव्हा हीच माणसं तिला "नसती उठाठेव करणारी" म्हणत होती. त्या दिवशी मी बोलले नाही, मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर भांडायला नको म्हणून. आता काही आठवडे उलटलेत. आता लिहिते, आणि रागानंच लिहिते.

नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन दुबईत आले. नवरा एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मॅनेजर. मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. घरी तो मला मारायचा. हे मी आता सरळ लिहून टाकते. लाज वाटायची तर त्याला वाटावी, मला कशाला? माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात, व्हिसा त्याच्या नावावर, आणि राग आला की किराण्याच्या कपाटालाही तो कुलूप घालून ऑफिसला जायचा.

बिल्डिंगमध्ये हे कुणाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. बाथरूमच्या झरोक्यातून खालच्या मजल्यावरचं खोबरं खवल्याचा आवाज वर यायचा, तर माझं रडणं का नाही जाणार? आमच्याकडे आवाज चढला की शेजारच्या टीव्हीचाही चढायचा. माणसं वाईट होती का? मुळीच नाही. तेच तर. दुसऱ्या दिवशी कुणी साबुदाण्याची खिचडी पाठवायचं, कुणी पुरणपोळ्या. मायेनं पाठवायचं. एकदा डबा परत करताना मी समोरच्या काकूंपुढे बाही वर केली. त्या म्हणाल्या, "अगंबाई, पडलीस का? तेल चोळ हं," आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून आत गेल्या.

आता डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे कुठल्या पोरीला शिकवावं लागतं? काही नाही तर चमचाभर साखर तरी घालतोच. पण माझी साखर कुलपात. मी डबे घासूनपुसून, लख्ख करून, रिकामे परत द्यायची. एकदा, दोनदा, प्रत्येकीला. आणि बायकांनी त्यातून काय काढावं? तर "शिकलेली आहे, पण वळण नाही." नाशिककडच्या माझ्या आईचा उद्धार झाला. नवी मुलगी किती माजोरी आहे, यावर अख्ख्या बिल्डिंगचं एकमत झालं. माझ्या घरात साखर आहे का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

विजयाताई दोन मजले खाली राहायची. तिची-माझी जुजबी ओळख होती. तिचाही डबा मी रिकामाच दिला, तशी ती दुपारी वर आली आणि दारातच म्हणाली, "साखर संपलीय का गं?"

"कपाटाला कुलूप आहे," मी म्हटलं.

तिनं आत येऊन कुलूप पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. खाली जाऊन मेथीची जुडी आणि ताट घेऊन आली आणि माझ्या सोफ्यावर निवडत बसली. संध्याकाळी नवरा आला तरी उठली नाही. मी तिला चहा दिला. तिच्या हातात कप बशीवर वाजत होता, हे मी स्वतः पाहिलंय. धाडसी बाई म्हणता ना तुम्ही तिला? तिला घाम फुटला होता. ती घाबरून तिथं बसली होती, पण बसली होती.

दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही. तो ऑफिसातून यायच्या सुमाराला ही ताट घेऊन हजर. कधी गवार, कधी तांदूळ. परक्या बाईसमोर त्याचा हात उठत नव्हता. शेवटी एकदा तो म्हणाला, "वहिनी, आमच्या घरात तुमचं रोज काय काम असतं?"

"गवार मोडतेय," ती म्हणाली.

त्यानं हिशेब दुसरीकडे चुकता केला. भावोजींचा एसी दुरुस्तीचा छोटा धंदा होता, आणि बरीचशी कामं माझ्या नवऱ्याच्या कंपनीकडून यायची. ती बंद झाली. मग तर तिला समजवायला रांगच लागली. परका मुलुख आहे, पोलीस, व्हिसा, आपण आपलं बघावं... या परक्या मुलखात हीच माणसं टॅक्सीवाल्याशी तावातावानं भांडायची, तेव्हा नाही व्हिसा आठवायचा.

मग एका शुक्रवारी सकाळी ती आली ती ताट न घेता. "यल्ला, चल, बॅग भर," म्हणाली. नवरा दारात आडवा उभा राहिला. पासपोर्ट देत नाही म्हणाला. ती त्याच्याशी वाद घालत बसली नाही. कॉरिडॉरमध्ये गेली आणि मजल्यावरच्या प्रत्येक दाराची बेल दाबत सुटली. सुट्टीचा दिवस, सगळे घरी. लुंग्या, गाऊन, हातात चहाचे कप. काय झालं, काय झालं करत सगळे बाहेर आले. विजयाताई त्यांना म्हणाली, "काही करू नका. कुणी काही बोलूही नका. ही बाहेर पडेपर्यंत नुसते इथं उभे राहा."

आणि ते उभे राहिले. बनियनवर, अवघडून, एकमेकांकडे बघत, पण उभे राहिले. माझ्या नवऱ्यानं त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आत गेला आणि पासपोर्ट आणून माझ्या हातात दिला. खलास. एवढंच लागणार होतं. मी महिनोन् महिने मार खाल्ला तो एवढ्याशा गोष्टीवाचून.

नंतर त्यांतल्या कितीतरी जणांनी मला सांगितलं की आम्हाला वाटलं, कुणीतरी बोललं असेल त्याच्याशी. काकूंना वाटलं वरचे बोलले असतील, वरच्यांना वाटलं मंडळाचे अध्यक्ष बोलले असतील, अध्यक्ष म्हणाले शेजाऱ्यांनी कळवलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणूनच कुणी आलं नाही. एकाच घराला ऐकू गेलं असतं ना, तर ते घर आलं असतं. म्हणून मला हा "देवमाणूस" शब्द सहन होत नाही. तिला देव केलं की आपण सुटलो, आपण काय बाबा साधी माणसं. साधीच होती ती. मेथी निवडायची.

पुढे मला नोकरी लागली, स्वतःचा व्हिसा झाला, मी मोकळी झाले. ती दोघं दुबई सोडून शारजाला लहान फ्लॅटमध्ये गेली. भावोजींनी धंदा पुन्हा पहिल्यापासून उभा केला. याबद्दल तिनं मला कधी एक अक्षर ऐकवलं नाही.

परवा भावोजींना भेटायला शारजाला गेले. फ्लॅटचं दार सताड उघडं. मला वाटलं, पाहुणे आलेत. पण आत ते एकटेच होते. ती घरात असली की दार उघडंच ठेवायची म्हणे. एसीची सगळी हवा बाहेर जाते म्हणून आयुष्यभर या दारावरून भांडलो, असं तेच मला सांगत होते. मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या वेळी कामं बंद झाली ना, त्या दिवशी विजू खूप रडली. मी तिला म्हणालो, उद्यापासून जाऊ नकोस. फार बोललो गं मी तिला... ती म्हणाली, मी नाही गेले तर दुसरं कोण जाणार आहे, सांगा. मला एक नाव सुचलं नाही."

मी त्यांना वरणभात वाढला, भांडी घासली आणि निघाले. निघताना सवयीनं दार ओढून घेतलं. लिफ्टपाशी पोचले तोच मागे कडी वाजली. भावोजींनी दार पुन्हा उघडलं होतं, आणि ते उघडंच राहावं म्हणून खाली वाकून त्याला खुर्ची लावत होते.