धुतलेला पंचा आणि गार्नेटचा उजेड

कुणावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. म्हणून सुट्टीत खाणीच्या गावी, मुळगावला घरी येताना बंगळूरच्या प्रयोगशाळेतून तोलून घेतलेल्या पावडरींच्या बाटल्या आणि अकीकाचा खलही मी पिशवीत घालून आणला होता. मागे कुणी हात लावला असता तर? परतायच्या दिवशी भाषेच्या आंदोलनाने रस्ते अडले. प्रयोगाला लागणारं अतिथंड हेलियम मात्र प्रयोगशाळेत ठरल्या तारखेलाच येणार होतं. ती तारीख हुकली तर माझी पाळी थेट पुढच्या वर्षी, आणि शिष्यवृत्ती त्याआधीच संपत होती.

मग मी घरीच खलायला बसले. मला सीरियम हा धातू मिसळलेलं गार्नेट, म्हणजे उजेड देणारं एक स्फटिक, बनवायचं होतं. सीरियममधला एक इलेक्ट्रॉन गिरकी घेतल्यासारखा वागतो. हेलियमच्या कडाक्याच्या थंडीत गार्नेट चुंबकात ठेवलं, की त्या गिरकीच्या दिशेप्रमाणे त्याचा प्रकाश उजवे किंवा डावे वळसे घेत बाहेर पडतो. या दोन प्रकाशांतला फरक मला मोजायचा होता. लोखंडाचा जरासा अंश मिसळला तरी तो हा उजेड गिळतो, हे मला पाठ होतं, घरीही मी ते बजावलं होतं. पण लोखंडाच्या खनिजाचे ट्रक बंद होते, ट्रक चालवणारे बाबा घरी बसून होते, हवेत तांबडी धूळ नव्हती. खल पुसायला आईने बाबांचा जुना पंचा दिला.

"धुतलेलो आसा गो," ती म्हणाली.

मी उलटसुलट करून पाहिला. चांगला पांढरा होता.

रस्ते उघडताच मी बंगळूर गाठलं, पावडर भट्टीत भाजली, तिची टिकली चुंबकात बसवली. हेलियम ओतलं. लख्ख पिवळा उजेड यायला हवा होता, आली ती नुसती धुगधुगी. उजवा कोणता, डावा कोणता, काटा हलेचना. हेलियमची पातळी डोळ्यांदेखत उतरत होती. मी आरसे फिरवले, भिंगं पुसली. मागे उभ्या असलेल्या सरांनी हळूच विचारलं, खल कशाने पुसला होता. मी पिशवीतून पंचा काढून त्यांच्या टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवला.

तो तांबूस होता. आमच्या घरी त्यालाच पांढरा म्हणत.

मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि खरं सांगते, आईचाही. हेलियम संपलं. शिष्यवृत्तीचं बघू, असं सर म्हणाले, म्हणजे काय ते मी समजले.

घरी पोचले तेव्हा बाबा अंगणातच होते. "दिसलो काय गो तुझो उजेड?"

ऐन वेळी वीज गेली, असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आईने माझ्या पिशवीतले कपडे धुतले. त्यांत प्रयोगशाळेतला एक पांढराशुभ्र फडकाही आला होता. तो तिने दोरीवर बाबांच्या पंच्याशेजारीच वाळत घातला. कामावर निघालेले बाबा दोरीपाशी थांबले आणि बराच वेळ दोन्ही कपड्यांकडे बघत राहिले.

"वीज काय गेलली नाय गो," ते म्हणाले.

त्यांनी माझा फडका दोन बोटांनी, कडेला धरून काढला, माझ्या हातात दिला आणि ते ट्रकवर गेले.