मुरलेले आभार

माणसाला शिव्यांपेक्षा आभारांची जास्त भीती वाटते, हे उभ्या ग्वाल्हेरात माझ्या आतोबांइतके कोणी सिद्ध केले नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, इंदरगंजातल्या एका सरकारी कचेरीतले कारकून. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन आले आणि त्यांनी इकडच्या मुलखाला घाबरवले. आतोबांनी तेच काम हात जोडून केले.

त्यांच्या आभारांना नियम होते. ज्याचे मानायचे त्याच्या दारी स्वतः जायचे, त्याने नेमके काय केले आणि त्यामुळे आपले काय बरे झाले ते सांगायचे, आणि त्याच दिवशी मात्र कधीही जायचे नाही. ते म्हणत, "ताजे आभार कच्चे असतात. रात्रभर मुरू द्यावेत. सकाळी उठल्यावरही मनात राहिले, तर खरे समजावे." टांगेवाल्याने खड्डा चुकवला की दुसऱ्या दिवशी हे अड्ड्यावर हजर, काल तुझ्यामुळे कंबर दुखली नाही हे सांगायला. डॉक्टरांचे औषध लागू पडले की रोग्यांच्या गर्दीत बसून राहायचे आणि पाळी आली की आपण ठणठणीत आहोत एवढेच सांगून उठायचे. डॉक्टर बिचारे नाडी पाहिल्याशिवाय सोडत नसत, कारण असे बोलणारा माणूस धडधाकट असेल यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

सराफ्यातल्या म्हाताऱ्या सोनाराचे तर फारच हाल झाले. त्याने आत्याची तुटलेली मोहनमाळ सांधून दिली होती. दुसऱ्या दिवशी आतोबा ती माळ घेऊन दुकानात गेले, सांधा कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही हे सांगायला. पण गिऱ्हाईक परत येते ते तक्रार घेऊनच, हा त्या बाजाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. आतोबांनी तोंड उघडण्याआधीच सोनाराने माळ ओढून घेतली, सांधा तोडला आणि माफी मागत पुन्हा जोडून दिला. आता आभारांचे दुसरे कारण झाले. तिसऱ्या दिवशी आतोबा लांबून दिसताच सोनाराने दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. फळ्यांच्या फटीतून आतोबांनी शेवटी आपले म्हणणे सांगितले, तेव्हा त्याने हातातली फळी खाली ठेवली.

मला कुतूहल होते ते वेगळेच. हा माणूस पाठ टेकली की झोपत असे आणि आत्याने केलेले काहीही पचवत असे. मी तेव्हा कॉलेजात होते. आभार मानल्याने डोक्यात नेमके होते काय, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "अगं, आभार मानायचे म्हणजे कोणी काय केलं ते दिवसभर बघावं लागतं ना. मग डोक्याला फालतू गोष्टी बघायला फुरसत थोडीच मिळते." मी लगेच प्रयोग केला. दिवसभर भेटेल त्याला धन्यवाद देत सुटले आणि संध्याकाळी फक्त जबडा दुखला. मनात काही आलं होतं का, एवढेच आतोबांनी विचारले. आले नव्हते.

मग राज्यांची पुनर्रचना आली. संस्थान आधीच विलीन झाले होते, आता मध्यभारतही मोडला आणि राजधानी भोपाळला ठरली. आतोबांची कचेरी तिकडे निघाली. नोकरी टिकली हेच नशीब, सरकारचे उपकार माना, असे जो तो म्हणू लागला. कचेरीतल्या निरोपाला आतोबांनी साहेबांचे आभार मानले, तेही बदलीबद्दल आणि त्याच दिवशी. "पटलं नव्हतं, तरी बोललो," असे ते घरी येऊन आत्याला म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. जेवण अळणी लागू लागले. टांगेवाल्याने कितीही सांभाळून नेले तरी त्यांच्या ते ध्यानात येईना. गाव सुटण्याचे दुःख आम्हाला समजत होते, पण आता ते कोणाकडे बघतच नाहीत, याची मला भीती वाटू लागली.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही ट्रंका बांधत होतो आणि दारात तो सोनार उभा राहिला. आतोबांचा चेहराच उतरला.

"क्या हुआ? कुछ गलती हो गई हमसे?"

"नहीं पंडितजी. उस दिन आप कह गए थे कि जोड़ दिखता ही नहीं। आँखें कमज़ोर हो चली थीं, मैं तो काम छोड़ने बैठा था। आप गए, तो फिर बैठ गया काम पर। आज तक बैठा हूँ।"

आतोबा ट्रंकेवर बसले. त्यांच्याकडे असे कोणी कधी आलेच नव्हते. मग त्यांनी सोनाराला चहा घ्यायला लावला आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या हातांकडे पाहत राहिले.

दुपारी टांग्यात बसताना त्यांनी मला जवळ बोलावले. "त्याच्याकडे जा. आज मला झोप येईल, असं सांग. पण उद्या जा हं, आज नको."

"आणि रात्रीतून विरले तर?"

"नाही विरणार," ते म्हणाले. रेल्वेत झाशी यायच्या आतच ते घोरायला लागले होते, असे आत्याने पुढे सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी सराफ्यात गेले. मला पाहताच सोनार घाबरून उठला. "माला फिर टूट गई क्या, बिटिया?" मी निरोप सांगितला. त्याने मान डोलावली आणि चष्मा पुसून पुन्हा कामाला बसला. परत येताना टांगेवाल्याने एक मोठा खड्डा हळूच चुकवला. ते माझ्या लक्षात आले आणि खूप बरे वाटले. मग आठवले की हे त्याला उद्या येऊन सांगणारा माणूस आता भोपाळला आहे. घरासमोर उतरले तेव्हा उद्या सकाळी तो कोणत्या अड्ड्यावर असेल, ते मी त्याला विचारून घेतले.